लिहिणाऱ्याच्या हाती काय द्यावे?

दिवाळी तोंडावर आली की आमच्या इंदुरात राजवाड्याच्या आसपास पाय ठेवायला जागा उरत नाही. सराफ्यात एक गर्दी, कापडाच्या दुकानांतून दुसरी, भांड्यांच्या बाजारात तिसरी. या गर्दीतून वर्षानुवर्षे आम्हीही वाट काढीत आलो आहोत. खिशात सौभाग्यवतींनी करून दिलेली यादी असते. पाडवा, भाऊबीज, जावयाचा दिवाळसण, कामवाल्या बाईंची दिवाळी असा तिचा क्रम ठरलेला, आणि बहुतेक नावांसमोर काय लिहायचे तेही ठरलेले. साडी, भांडे, मिठाईचा पुडा, पाकीट. परंतु एखादे नाव असे असते की त्याच्यासमोरची जागा शेवटपर्यंत कोरी राहते. ती व्यक्ती लिहीत असते.

लेखक म्हणून जिची गणना होते अशी व्यक्ती येथे अभिप्रेत नाही. तिला देण्यासाठी शाल व श्रीफळ आहेच. आम्ही बोलत आहोत ते घरातल्या लिहिणाऱ्या माणसाविषयी. रेल्वेतून निवृत्त झालेले काका रोज सकाळी दोन पाने भरतात. नववीतला भाचा गणिताच्या वहीच्या मागल्या पानांवर कविता करतो. एखादी वहिनी दुपारची झाकपाक झाली की देवघराच्या उंबऱ्याशी बसून काहीबाही टिपत असते आणि कोणाची चाहूल लागली की वही पदराखाली घेते. अशा माणसाला काय हवे असते, हे त्याला विचारण्याची आपल्याकडे पद्धत नाही, आणि विचारलेच तर 'मला कशाला काय हवंय' एवढेच उत्तर मिळते.

महाराष्ट्राबाहेरच्या आपल्या घरांत या माणसाचे मोल थोडे अधिकच आहे. आपण घरी मराठी बोलतो. कितीही हिंदीमिश्रित झाली तरी बोलतो. वाचणारे त्याहून थोडे, आणि लिहिणारे तर घरटी एखादाच. आमच्या शाळेत मराठी घरांतली काही मुले आहेत. आजीशी ती मराठीत भांडतातदेखील. परंतु शाळेचे माध्यम हिंदी, त्यामुळे चार मराठी ओळी लिहावयास सांगितल्या तर 'ळ'पाशी त्यांचा हात थबकतो आणि 'दुसऱ्या'मधल्या अर्ध्या 'र'पाशी तर पुरता अडकतो. अशा घरात जो कोणी मराठीत लिहितो त्याच्या वहीत कुटुंबाची पुष्कळशी मिळकत जमा होत असते, आणि तिचा खातेउतारा दुसरा कोणाकडेच नसतो. हे आम्ही पुस्तकी ज्ञानाने सांगत नाही. फार उशिरा आणि स्वतःच्या घरात शिकलो, म्हणून सांगतो.

आमची अक्का आमच्याहून अकरा वर्षांनी मोठी. आम्ही सहा वर्षांचे असताना आई गेली, आणि त्यानंतर आमची वेणीफणी सोडल्यास बाकी सारे अक्कानेच केले. मॅट्रिक झाली आणि लग्न होऊन देवासला गेली. देवास इंदुराहून तासाभराच्या वाटेवर, त्यामुळे भाऊबीज कधी चुकली नाही. अक्का लिहिते हे आम्हांस ठाऊक होते. किराणा दुकानातून मिळालेल्या दिनदर्शिकेची मागची कोरी बाजू, मुलांच्या वह्यांतील उरलेली पाने, लग्नपत्रिकांची पाठ, असल्या कागदांवर तिचे बारीक अक्षर दाटीने बसलेले असे. आम्ही नोकरीस लागलो ते वर्ष १९९४. त्या वर्षीच्या भाऊबिजेला साडीऐवजी काही वेगळे द्यावे, मराठीच्या एम. ए. भावाला शोभेलसे द्यावे, असे मनात आले, आणि खजुरी बाजारातल्या एका दुकानातून सोनेरी टोपणाचे एक भारी शाईचे पेन आम्ही विकत घेतले. निळ्या मखमलीच्या डबीत ते बसविलेले होते. अक्काने ते दोन्ही हातांनी घेतले, डबी कपाळाला लावली आणि कपाटात चांदीच्या नाण्यांशेजारी ठेवून दिली. पुढे तेवीस वर्षांत त्या पेनात शाई भरली गेली नाही. ती लिहीत राहिली दोन रुपयांच्या बॉलपेनानेच.

भेटीच्या बाबतीत आमची पहिली चूक ती. लिहिणाऱ्याला आपण लिहिण्याचे साहित्य देतो असे समजून प्रत्यक्षात शोभेची वस्तू देत असतो. जी वस्तू खराब होईल अशी भीती वाटते, ती लिहिण्याच्या कामाची नव्हे. वही झिजण्यासाठी असते, शाई संपण्यासाठी असते, आणि जे संपते तेच पुन्हा देता येते.

आपल्या परंपरेला ही गोष्ट नवी नाही. दासबोधाच्या एकोणिसाव्या दशकाचा पहिलाच समास लेखनक्रियेवर आहे. परमार्थ सांगणाऱ्या ग्रंथात समर्थांनी बोरू, चाकू, कात्री, कागद आणि शाई यांची अशी काही विचारपूस केली आहे की एखाद्या कारखानदाराने करावी. देशोदेशींचे बोरू आणावेत, ओळी सरळ आणि मोकळ्या असाव्यात, ग्रंथाच्या आरंभी अक्षराचे जे वळण तेच शेवटपर्यंत टिकावे, पानाच्या कडेला जागा सोडावी म्हणजे कागद झडला तरी अक्षराला धक्का लागणार नाही, असे सारे त्यात आहे. आणि एक सूचना तर आम्हांस पन्नाशी उलटल्यावरच खऱ्या अर्थाने कळली. तरुणपणी लिहिलेले बारीक अक्षर म्हातारपणी उपयोगी पडत नाही, म्हणून मध्यम अक्षर काढावे, असे समर्थ सांगतात. अक्काने हा समास वाचला होता की नाही, कोण जाणे. कागद पुरविण्यासाठी तिने अक्षर बारीक केले होते.

तेव्हा आधी कागदाविषयी बोलू. वह्या विकत घेताना आपण वेष्टनावरचे चित्र पाहतो आणि पानांची संख्या मोजतो. त्याऐवजी दुकानदाराकडून एक पान मागून घेऊन त्यावर शाईच्या पेनाने दोन ओळी लिहून पाहाव्यात. शाई रेघेच्या कडांना फुटते का, पाठीमागे उमटते का, एवढे पाहिले की पुरे. चौरस मीटरला सत्तर ग्रॅम वजनाचा किंवा त्याहून जाड कागद बहुधा दोन्ही बाजूंनी लिहू देतो. शाळेच्या स्वस्त वह्यांचा कागद त्याहून हलका असतो आणि तो शाई पितो. दुसरे, ओळींमधले अंतर. आपल्या लिपीत अक्षर रेघेखाली लोंबते. वर वेलांटी, मात्रा, रफार आणि अनुस्वार, खाली उकार आणि ऋकार. इंग्रजीसाठी आखलेल्या दाट ओळींच्या वहीत मराठी लिहिताना वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या वेलांटीत अडकतो. वय झालेल्या माणसासाठी तर रुंद आखणीची किंवा अजिबात न आखलेलीच वही घ्यावी.

आणि बांधणी? येथे आमचे मन माळव्याच्या आणि गुजरातच्या बाजाराकडे ओढ घेते. लक्ष्मीपूजनाच्या दिवशी व्यापारी ज्या वह्यांचे पूजन करतात, त्या लाल कापडी बांधणीच्या वह्या आपण सर्वांनी पाहिल्या आहेत. आता जमाखर्च संगणकावर गेला, तरी पूजेपुरती एक वही बहुतेक दुकानांतून आजही येते आणि हळदीकुंकू लागून कपाटात जाते. ही वही दोऱ्याने शिवलेली असते, सपाट उघडते, तिची पाने सुटत नाहीत आणि किंमतही बेताची असते. लिहिणाऱ्यासाठी याहून सोयीची वही आम्हांस माहीत नाही. बडोद्याच्या एका स्नेह्यांच्या घरी आम्ही पाहिले, त्यांच्या आईंची लिहिण्याची वही लक्ष्मीपूजनाच्या पाटावर हिशेबाच्या वहीशेजारीच मांडलेली होती. पहिल्या पानावर 'श्री' लिहून झाले आणि पाडव्याच्या सकाळी आजी त्यात लिहावयास बसल्या. पूजा झाल्यावर कपाटात बंद न होणारी ती आम्ही पाहिलेली एकमेव वही.

पेनाविषयी तरुण मंडळी आम्हांस हसतील, पण आम्ही शाईच्या पेनाच्या बाजूचे आहोत, आणि त्याला स्मरणरंजनाखेरीज कारण आहे. बॉलपेनातली शाई तेलकट, दाट. टोकाची गोळी कागदावर फिरविल्यावाचून ती उतरत नाही, म्हणून बोटांना दाब द्यावा लागतो. शाईच्या पेनात पातळ शाई निबाच्या चिरेतून केशाकर्षणाने आपली आपण खाली येते. निब कागदाला नुसते टेकले तरी रेघ उमटते. ज्यांची बोटे सांधेदुखीने आखडली आहेत त्यांना हा फरक पहिल्याच पानावर जाणवतो. त्यातही जरा जाड दांड्याचे पेन पकडावयास सोपे. मात्र पेन मध्यम किमतीचे असावे, हरवले तर चुटपूट लागावी पण झोप उडू नये, एवढ्याच किमतीचे. सोबत शाईच्या दोन बाटल्या द्याव्यात, कारण शाई मिळत नाही म्हणून पेन पडून राहणे ही अलीकडची सार्वत्रिक तक्रार आहे. चित्रकलेची काळी शाई मात्र चुकूनही देऊ नये. तिच्यातला राळेसारखा पदार्थ वाळला की पेनाचा घसा कायमचा बसतो. महिन्यातून एकदा पेन साध्या थंड पाण्याने धुवावे, एवढीच त्याची सेवा.

शाईच्या बाटलीशी आपल्या लोकांचा जुना ऋणानुबंध आहे. दिगंबर परशुराम दांडेकरांनी १९३१ साली मुंबईत शाईची पूड आणि वड्या तयार करण्याचा जो उद्योग मांडला त्यातूनच कॅम्लिन उभी राहिली, आणि आमच्या पिढीच्या किती शर्टांचे खिसे त्या उंटाच्या शाईने निळे झाले याची गणती नाही. आंध्रातल्या राजमहेंद्रीचे के. व्ही. रत्नम यांनी संपूर्ण देशी पेन तयार केले, ते गांधीजींना पोहोचले आणि १९३५ साली गांधीजींनी त्यांना पसंतीचे पत्र धाडले. त्या घराण्याचे हातघडणीचे पेन आपल्याकडच्या एखाद्या वयोवृद्ध गांधीवादी आजोबांना दिले तर ते त्याचा डबीत मुरंबा घालणार नाहीत, अशी आशा आहे.

परंतु हेही सांगितले पाहिजे की उत्तम लेखनासाठी उत्तम साहित्य लागतेच असे नाही. साने गुरुजींनी 'श्यामची आई' नाशिकच्या तुरुंगात १९३३ च्या फेब्रुवारीत अवघ्या पाच दिवसांत लिहिली. तेथे मखमलीची डबी नव्हती. त्यांना लाभले ते ऐकणारे सोबती. या ऐकणाऱ्यांकडे आम्ही पुढे येऊ.

घरातल्या लिहिणाऱ्याची बहुधा स्वतःची जागा नसते. कर्त्या पुरुषाला टेबल असते, मुलांना अभ्यासाची खोली असते. आजी किंवा वहिनी लिहिते ती मांडीवर पाट घेऊन किंवा स्वयंपाकघरातल्या ओट्याच्या कोपऱ्यावर. जुन्या पेढ्यांवर मुनीम गादीवर बसून ज्या उतरत्या डेस्कावर लिहीत, तसले डेस्क कोणताही सुतार चार दिवसांत करून देतो. झाकण उघडले की आत वह्या ठेवता येतात, आणि लहानशी कडी बसविली तर कुलूपही लागते. कुलूप हा शब्द आम्ही मुद्दाम लिहिला. एकत्र कुटुंबात लिहिणाऱ्या स्त्रीला ज्या भेटीची सर्वांत अधिक गरज असते ती कदाचित हीच असेल. दिवा डाव्या बाजूने यावा, म्हणजे उजव्या हाताची सावली अक्षरावर पडत नाही. डावखुऱ्याला त्याच्या उलट. आणि चष्म्याचा क्रमांक शेवटचा कधी तपासला होता हे विचारावे. भाऊबिजेला बहिणीस डोळे तपासणाऱ्याकडे घेऊन जाणे हे ओवाळणीत बसत नाही असे कोणी म्हणेल; आमच्या मते साडीच्या आधी बसते.

कोशांविषयी आम्ही हात आखडता घेणार नाही. अखेर शिक्षकाचा पेशा. मोल्सवर्थ यांचा मराठी-इंग्रजी कोश १८३१ साली निघाला आणि १८५७ साली त्याची सुधारून वाढविलेली आवृत्ती आली. त्यात कोकणापासून देशापर्यंतच्या बोलींतले असे शब्द आहेत की जे आपल्या पणजीच्या तोंडी होते आणि आपल्या कानावरून गेलेले नाहीत. दाते-कर्वे यांच्या महाराष्ट्र शब्दकोशाचे सात विभाग १९३२ ते १९३८ या काळात प्रसिद्ध झाले. हे दोन्ही कोश आता संगणकावर विनामूल्य पाहता येतात, आणि ते कसे उघडायचे हे घरातल्या तरुणाने काकांना अर्ध्या तासात शिकविले तर तीही भेटच झाली. तरी छापील कोशाची गोष्ट निराळी. हवा तो शब्द शोधताना शेजारच्या शब्दावर नजर पडते आणि लिहिणाऱ्याला कित्येकदा तोच हवा असतो. लेखनाच्या नियमांसाठी मात्र जाडजूड ग्रंथ देऊ नये. मराठी साहित्य महामंडळाचे नियम १९६२ सालचे चौदा आणि १९७२ सालचे चार, असे सगळे मिळून अठराच आहेत. अरुण फडके यांचे 'शुद्धलेखन तुमच्या खिशात' हे नावाप्रमाणे खिशात मावते. शंका आली की पाहावे आणि पुन्हा लिहावयास लागावे. नववीतल्या भाच्याला हे अवश्य द्यावे. काकांना देताना जपून. त्यांना ते भेट न वाटता शेरा वाटण्याचा संभव आहे.

त्याच भाच्याला टपालकचेरीतून आणलेली पंचवीस पोस्टकार्डेही द्यावीत, आणि पहिले पोस्टकार्ड आपण त्याला पाठवावे. ज्या मुलाच्या नावाने पत्र येते तो मुलगा उत्तर लिहितो, हे आमच्या शाळेत आम्ही अनेकदा पडताळून पाहिले आहे.

दिवाळी अंक हे तर आपल्या भाषेचे या सणाला दिलेले खास लेणे. काशीनाथ रघुनाथ मित्र यांनी १९०९ साली 'मनोरंजन'चा दिवाळी अंक काढला, तेव्हापासून ही प्रथा चालू आहे. आपल्याकडे अंक उशिरा पोहोचतात, कधी तुळशीच्या लग्नानंतर. तरी दोन अंकांची मागणी आधीच नोंदवून ठेवावी. लिहिणारा वाचतो तेव्हा आपल्याला काय जमते आणि काय जमत नाही याचा ताळा घेत असतो.

ज्यांना टंकलेखन येते अशा तरुणांसाठी एक काम सुचवितो. आजोबांची जाडजूड वही मागून घ्या आणि रोज दोन पाने संगणकावर उतरवा. जुन्या छपाईच्या फाँटांत उतरवू नका. तो फाँट गेला की मजकुराची नुसती ठिकरी उरते. युनिकोडमध्ये उतरवा, म्हणजे वीस वर्षांनीही वाचता येईल. इन्स्क्रिप्ट कळफलकावर 'ल'च्याच कळीवर शिफ्ट दाबले की 'ळ' येतो आणि 'र'च्या कळीवर शिफ्ट दाबले की 'दुसऱ्या'साठी लागणारा 'ऱ' येतो. आमच्या शाळेतल्या मुलांना जे हाताने साधत नाही ते येथे दोन कळांत साधते. आजोबांच्या फोनात मराठी कळफलक बसवून द्यायला तर पैसाही लागत नाही. मात्र उतरवताना त्यांची भाषा सुधारू नये. त्यांनी 'मला जायचे आहे' ऐवजी इंदुरी वळणाने काही लिहिले असेल तर ते तसेच राहू द्यावे. त्यांचा आवाज तेवढ्यातच आहे. मास्तरांनाही हा मोह आवरता आवरत नाही, हे आम्ही अनुभवाने सांगतो.

आता ऐकणाऱ्यांविषयी. बहिणाबाई चौधरींना अक्षरओळख नव्हती. शेतात आणि घरात काम करता करता त्या जे गात ते त्यांचे चिरंजीव सोपानदेव आणि एक आप्त लिहून घेत. १९५१ साली बहिणाबाई गेल्या. सोपानदेवांनी ती वही आचार्य अत्र्यांना दाखविली आणि १९५२ साली पुस्तक निघाले. कोणी जवळ बसून लिहून घेतले नसते तर मराठीचे केवढे नुकसान झाले असते! आमच्या माळवा-ग्वाल्हेरकडचे राजकवी भा. रा. तांबे यांच्या समग्र कवितेचे संपादनही १९३५ साली माधव जूलियन यांनी केले. रमाबाई रानडे यांचे आठवणींचे पुस्तक १९१० साली प्रसिद्ध झाले. पण त्याच्या कितीतरी आधी, घरातल्या बायकांचा रोष पत्करून न्यायमूर्तींनी रात्री पत्नीला शिकवावयास बसण्याचा वेळ काढलेला होता. एवढ्या व्यापातल्या माणसाने!

आमच्याकडे तो व्याप नव्हता. तरी अक्काने दोनतीनदा सांगितले होते, "अरे, जरा बस, चार पानं वाचून दाखवते. तुला मराठी कळतं." एकदा आमच्या हाताखाली उत्तरपत्रिकांचे गठ्ठे होते, एकदा बस पकडायची होती, आणि शेवटच्या वेळी, २०१६ च्या भाऊबिजेला, आम्ही म्हणालो, "अक्का, नाताळच्या सुट्टीत येतो, मग निवांत ऐकतो." नाताळात शाळेची तपासणी निघाली. २०१७ च्या फेब्रुवारीत अक्का गेली.

तेराव्यानंतर भाचेसुनेने कपाट उघडले. निळी डबी होती तशीच होती. तिच्याखाली जुन्या उशीच्या अभ्र्यात बांधलेला कागदांचा गठ्ठा. "मामा," ती म्हणाली, "आई रोज दुपारी लिहायच्या. कोणी आलं की उशीखाली सरकवायच्या. मी विचारलं तर म्हणायच्या, तुझ्या मामांना दाखवायचंय." दिनदर्शिकांच्या पाठीवरचे ते बारीक अक्षर वाचावयास आम्हांस चष्म्यावर भिंग धरावे लागले. त्यात आमचा जुना वाडा होता. गिरणीच्या भोंग्यावर वडिलांचा डबा कसा भरला जाई ते होते, आजीची अर्धी मराठी अर्धी माळवी बोली होती, भाड्याच्या खोल्यांतली बिऱ्हाडे नावानिशी होती. आणि एका लग्नपत्रिकेच्या पाठीवर 'आईची शेवटची दिवाळी' असे शीर्षक घालून अक्काने लिहावयास आरंभ केला होता. आई पहाटे उठली, तिने चुलीवर पाणी ठेवले, धाकट्याला उचलून पाटावर बसविले, आणि उटणे लावताना ती त्याला म्हणाली, एवढे लिहून पत्रिका संपली होती. पुढचा कागद गठ्ठ्यात नाही. आम्ही तीनदा शोधला. तो रद्दीत गेला, की लिहिलाच गेला नव्हता, हे सांगणारे आता कोणी नाही.

तो धाकटा म्हणजे आम्ही. आई आम्हांस आठवत नाही.

भाचेसूनही लिहिते, हे आम्हांस या उन्हाळ्यात कळले. देवासला गेलो असता तिने चहा ठेवता ठेवता फडताळावरचे कागद घाईने गोळा केले, आणि ती सवय ओळखीची वाटली. काय लिहितेस असे आम्ही विचारले नाही. एवढेच म्हटले, "ऐकवावंसं वाटलं तर सांग. मी रिकामा आहे." ती हसली आणि चहा गाळू लागली.

यंदाच्या यादीत तिच्या नावासमोर सौभाग्यवतींनी साडी लिहिली आहे, ती द्यावयाचीच. खाली आमच्या अक्षरात दोन लाल कापडी वह्या, शाईच्या दोन बाटल्या आणि जिल्हा ग्रंथालयाजवळच्या सुताराकडून करून घ्यावयाचे डेस्क, कडीसह. दिवाळीनंतरचे चार रविवार आम्ही मोकळे ठेवले आहेत; दुपारच्या बसने देवासला जाता येते. अक्काचे पेनही भाचेसुनेलाच द्यावे असे मनात होते, पण एवढ्या वर्षांत त्याच्या आतली रबरी नळी कडक होऊन तडकली होती. पेने दुरुस्त करणारा माणूस शोधण्यात दोन आठवडे गेले. त्याने नळी बदलली, निब धुऊन दिले आणि सोनेरी टोपणाला चकाकी आणू का म्हणून विचारले. नको म्हणालो. काल रात्री शाई भरून पाहिली. पहिल्या दोन ओळी कोरड्या गेल्या, मग चालू लागले.